निम्म्या गॅसचं इंजिन

५ फेब्रुवारी

धाकट्या,

तुझं ते साहेबी इंजिन चालू आहे की बंद, हे मला आजही शेताच्या त्या टोकाला उभं राहून कळलं नाही. पाटातलं पाणी यायचं थांबलं आणि मी खोरं हातात धरून कोरड्या मातीकडे बघत बसले, एखादी पाहुणी आल्यासारखी. ही तक्रार तुला फोनवर सांगून झाली. तू दर वेळी मीटिंगमध्ये. तुमच्या कंपनीत इंजिनं कोण बनवतं, का तीपण मीटिंगमध्येच बनतात, देव जाणे. म्हणून आता लिहून पाठवते. दर गुरुवारी गॅसचे सिलिंडर घेऊन गाडी इथे येते, तिचा ड्रायव्हर तुझ्याच फाटकातून निघतो. त्याच्या हाती पत्र देते. कागद मीटिंगमध्येपण वाचता येतो. माझी लिहायची सवय चौथीत सुटली, शाळेसोबतच, तेव्हा अक्षराला हसू नकोस.

आमचं जुनं इंजिन होतं. भसाड्या. गॅस ढोसायचा, मान्य. पण बोलायचा. मी लांबच्या तुकड्यात मक्याला पाणी वळवत असले तरी त्याचा आवाज कानावर असायचा. आवाज जड झाला की पट्टा घसरतोय, हलका झाला की विहिरीतलं पाणी खाली गेलंय. मला वळून बघावं लागत नव्हतं. वीस वर्षं मी त्याच्या आवाजावर शेत भिजवलं. मग तू आलास, सोबत तीन माणसं, तिघांचे बूट असे की जमिनीवर ठेवायला त्यांना दुःख होत होतं. भसाड्याला ट्रकमध्ये घातलंत आणि त्याच्या जागी हे आणून ठेवलंत. गुळगुळीत, पांढरं, दवाखान्यातून आणल्यासारखं. "ताई, आवाज ऐकलास?" तू म्हणालास. मी म्हटलं, "नाही." तू म्हणालास, "तेच तर."

तेच तर, बाबा. तेच तर.

मका तुऱ्यावर यायला आलाय. लांबच्या तुकड्यात पाणी पोचत नाही. मधेच थांबतं. मी चालत इंजिनच्या खोलीपर्यंत येते तोवर हे साळसूदपणे चालू असतं. काय आजार आहे ते सांग, किंवा भसाड्याला परत पाठव.

ताई


११ फेब्रुवारी

प्रिय ताई,

पत्र मिळालं. तुझ्या अक्षराला हसलो नाही, मजकुराला हसलो.

आधी चांगली बातमी. इंजिनवर बसवलेली ती छोटी काळी पेटी आठवते? ती किती गॅस जळला ते रोज आपोआप आमच्याकडे कळवते. आणि किती शेत भिजलं ते मी दाजींना फोनवर विचारतो. दोन्हींचा मेळ घातला तर हे इंजिन एकरी भसाड्याच्या निम्म्या गॅसवर चालतंय. निम्म्या, ताई. आम्हाला स्वतःला एवढी आशा नव्हती. माझ्या साहेबांनी तो आकडा बघून खुर्ची सोडली आणि माझ्या टेबलाशी चालत आले. नऊ वर्षांत पहिल्यांदा.

ह्याचं तत्त्व सोपं आहे. गॅस कमी, हवा जास्त, आणि ठिणगी बरोबर वेळेला. त्यामुळे ते थंड डोक्याने आणि शांत चालतं. स्वतःहून बंद पडायला त्यात कारणच नाही. आम्ही ते इथे महिनाभर न थांबता चालवलं आहे.

तेव्हा दोष पाटात असणार. उंदरांची बिळं, भेगा, गवत. पाणी वाटेत मुरतं आणि तुला वाटतं इंजिन थांबलं. सोबत पाटाच्या देखभालीचं छापील पत्रक जोडलं आहे, चित्रं आहेत. दाजी तर म्हणतात सगळं शेत व्यवस्थित भिजतं.

भसाड्या आता आमच्या स्वागतकक्षात आहे. त्याला हिरवा रंग दिला आहे. येणारे लोक त्याच्यासोबत फोटो काढतात.

तुझा,
धाकटा


१३ फेब्रुवारी

धाकटेराव,

हे पत्र तुमच्या ताईला न सांगता ड्रायव्हरच्या हाती देत आहे, वाचून झालं की फाडून टाकावं.

तुम्ही इंजिन बसवून निघताना माझा हात धरून म्हणालात, दाजी, गॅस तेवढा जपून, माझी लाज तुमच्या हातात आहे. तुम्ही धाकटे, मला स्पष्ट कसं सांगणार, म्हणून आडून बोललात, पण मी समजलो. त्या दिवसापासून जपतोच आहे. ती लांबच्या तुकड्यात गेली की मी खोलीत जाऊन इंजिन थोडा वेळ बंद ठेवतो. पाटात असलेलं पाणी चालत राहतं, त्यामुळे तिला लगेच कळत नाही. ती यायला निघाली की परत चालू करतो. फोनवर तुम्ही शेत भिजलं का विचारता तेव्हा मी हो म्हणतो, कारण बहुतेक भिजलेलंच असतं. लांबच्या तुकड्याला थोडं कमी मिळतं. मका सोसतो.

तुमचे साहेब तुमच्या टेबलाशी आले हे वाचून ऊर भरून आला. आणखी जपायचं असेल तर कळवा.

तिला कळलं तर मला घरात जागा राहणार नाही, हे ध्यानात ठेवा.

तुमचे,
दाजी


१९ फेब्रुवारी

धाकट्या,

तुझं पत्रक मिळालं. चित्रं सुरेख आहेत. त्यातली बाई पांढऱ्या साडीत पाटाकडे बघून हसते आहे. माती तिच्या वाटेला गेलेलीच नाही, हसेल नाहीतर काय.

पाट मी टोकापासून टोकापर्यंत बघितला. गवत काढलं, भेगा लिंपल्या. एक बीळ सापडलं, त्यात बेडूक होता, तो पाणी पीत असेल तर किती पीत असेल. बाकी पाट तुझ्या डोक्यापेक्षा घट्ट आहे.

आमच्या ह्यांना विचारलं, अहो, पाणी मधेच थांबतं का? म्हणाले, भिजतंय की. त्यांचं ते उत्तर तू मनावर घेऊ नकोस. घराचं छप्पर गळलं तरी ते गादीवर बसून भिजतंय की म्हणतील.

मग मी माझं डोकं चालवलं. शनिवारी पिठाच्या डब्याचं जुनं झाकण घेतलं, त्याला भोक पाडलं आणि तारेने इंजिनच्या धुराच्या नळीला लटकवलं. आता इंजिन चालू असलं की झाकण खडखडतं. असं खडखडतं की पलीकडच्या वस्तीवरचा सुतार विचारायला आला, कोणाची वरात आहे. तुम्ही लोकांनी किती वर्षं घालवलीत हे इंजिन गप्प करायला? मी एका दुपारी बोलतं केलं. तार घरातलीच होती.

आणि ऐक. झाकण बांधलं त्या दिवसापासून पाणी बरोबर येतंय. लांबच्या तुकड्यापर्यंत, शेवटच्या सरीपर्यंत. मधे एकदाही थांबलं नाही. तुझ्या इंजिनला माणसासारखी सवय आहे, कोणी ऐकतंय म्हटल्यावरच काम करतं.

ताई

ता.क. भसाड्याचा हिरवा रंग काढा. तो लाल होता.


२५ फेब्रुवारी

प्रिय ताई,

तू त्या इंजिनवर डब्याचं झाकण बांधलंस. मी हे वाक्य लिहून थोडा वेळ खिडकीबाहेर बघितलं.

आता ही गंमत राहिलेली नाही, म्हणून नीट समजावून सांगतो. शनिवारपासून गॅसचा खप एकदम वाढला आहे. पेटी खोटं बोलत नाही. शनिवारीच तू झाकण बांधलंस. म्हणजे ते धुराच्या वाटेत आडवं येतं, इंजिनला श्वास सोडायला जोर लागतो, आणि गॅस जास्त जातो. साहेबांनी मला बोलावून विचारलं, अचानक काय झालं? मी काय सांगू, माझ्या बहिणीने पिठाचा डबा उघडा ठेवला?

इथे काय चाललंय ते तुला माहीत नाही. २९ मार्चला, शनिवारी, मोठ्या सभागृहात ह्या इंजिनचा समारंभ आहे. गावोगावचे शेतकरी येणार, नोंदणी करणार. व्यासपीठामागे भिंतभर फोटो लागणार आणि तो तुझा असणार. तू, मका, आणि खाली मोठ्या अक्षरात, "निम्मा गॅस." तू स्वतः यायचं आहेस, येण्याजाण्याची सोय करतो. हे नीट पार पडलं तर पूर्ण विभाग माझ्या हाती येईल. तू मला शिकवलंस, ताई, मी ते विसरलेलो नाही. हे तुझंही यश आहे.

फोटोग्राफर ४ तारखेला येईल. त्याआधी झाकण काढ. हात जोडतो.

पाणी बरोबर यायला लागलं ते तू पाट लिंपलास म्हणून. झाकणाचा काही संबंध नाही.

तुझा,
धाकटा


१२ मार्च

धाकट्या,

मागच्या गुरुवारी पत्र नव्हतं त्याचं कारण मी बोलत नव्हते. तुझ्याशी नाही, ह्यांच्याशी. एकाशी न बोलता दुसऱ्याला लिहायला बसवत नाही मला.

सगळं क्रमाने सांगते.

झाकण काढलं. तू हात जोडलेस म्हणून. फोटोग्राफर आला, सोबत एक मुलगी, ती माझ्या तोंडाला पावडर लावायला निघाली. मी म्हटलं, मक्यालाही लाव. इंजिनच्या खोलीजवळच्या तुकड्यात उभं केलं मला, जिथे मका माझ्या डोक्यावर गेलाय. लांबच्या तुकड्याकडे कोणी फिरकलं नाही. तिकडची पानं सुरळी होऊन उभी होती, दुपारी छत्र्या मिटून ठेवाव्यात तशी. "हसा," तो म्हणाला. मी हसले नाही तेव्हा म्हणाला, "असंच छान आहे, खरं वाटतं."

झाकण काढलं त्याच दिवसापासून पाणी परत थांबायला लागलं. आता पाट मी लिंपला होता आणि तो लिंपलेलाच होता. मग मी काय केलं, कोणाला न सांगता तेच झाकण पंपाच्या पट्ट्यावर जी जाळी असते तिच्या आतल्या बाजूला बांधलं. दिसत नाही, पण खडखडतं. आणि रोज आधी जवळच्या तुकड्यात जाते, त्या दिवशी उलट, आधी लांबच्या तुकड्यात गेले. हे तेव्हा शेतावर यायचे होते. इंजिन मीच चालू करून निघाले.

सरी अर्धी भिजली आणि आवाज थांबला.

ह्या वेळी मी पाटाच्या कडेने नाही आले, बांधावरून सरळ आले. दारात उभी राहिले. तुझे दाजी इंजिनसमोर उकिडवे बसलेले. एक हात बटणावर, दुसरा जाळीत घातलेला, खडखड कुठून येत होती ते शोधत.

"काय करताय?"

"तापलंय का बघतोय."

"बंद करून?"

"बंद केल्यावर निवतं ना."

"निवलं?"

त्यांनी जाळीतला हात आणखी आत घातला.

"अहो, मी विचारतेय, निवलं का?"

"धाकट्याचं बघावं लागतं," ते म्हणाले. हात अजून जाळीतच. "त्याची लाज आहे."

मग एकेक निघालं. तू हात धरून म्हणालास, गॅस जपून. तुला म्हणायचं होतं काळजी घ्या, नमस्कार, येतो. जो माणूस, आपण मीठ जरा कमी म्हटलं की, आठवडाभर अळणी खातो, त्याला तू सांगितलंस गॅस जपून. पहिल्या दिवसापासून तुझे दाजी इंजिन बंद करत बसले होते. झाकण वाजत होतं तेव्हा म्हणे धीर झाला नाही. म्हणून तेवढे दिवस पाणी आलं. म्हणून त्याच दिवसांत तुझ्या पेटीत गॅस वाढला. झाकण कोणाच्या श्वासाच्या आड येत नव्हतं, कळलं? तुझ्या निम्म्या गॅसचं गुपित ते हे. न चाललेलं इंजिन गॅस खात नाही. ह्यासाठी बुटांची तीन माणसं आणि एक पेटी कशाला लागते?

मी त्यांना विचारलं, हे धाकट्याला माहीत आहे का? म्हणाले, पत्र लिहिलं होतं. म्हणजे १३ फेब्रुवारीपासून तुला माहीत आहे. आणि २५ तारखेला तू मला झाकणाचं, धुराचं आणि श्वासाचं शास्त्र शिकवलंस. छान शिकवलंस. मी दोनदा वाचलं.

मग मी एक केलं. ह्यांना शेताच्या कडेला दोरीच्या खाटेवर बसवलं आणि सांगितलं, उठायचं नाही. पूर्ण शेत, पहिल्या सरीपासून शेवटच्या सरीपर्यंत, मी एकटीने भिजवलं. झाकण बांधून. भसाड्याला तेवढ्या कामाला चार सिलिंडर लागायचे. तुझ्या इंजिनला तीन लागले.

चारातला एक वाचला. हे मी एकदाच लिहिते, जपून ठेव: तुझं इंजिन चांगलं आहे. भसाड्यापेक्षा बरंच चांगलं. आवाज सोडला तर मला त्याच्याबद्दल काही म्हणायचं नाही.

भिंतीवर ते लिही. चारातला एक.

ताई


१८ मार्च

प्रिय ताई,

दाजींचं पत्र मला मिळालं होतं हे खरं आहे. मी ते वाचलं तेव्हा आकडा साहेबांच्या हातात जाऊन चार दिवस झाले होते. वाटलं दाजींना फोन करून थांबवावं, मग आकडा हळूहळू वर येईल आणि कोणाला काही वाटणार नाही. फोन केलासुद्धा. पण दाजींनी उचलल्यावर मी तब्येत विचारली, शेत विचारलं, आणि ठेवला. मग झाकणाची बातमी आली. ते कारण आयतं समोर आलं, मी धरलं.

तू जे करून बघितलंस त्याबद्दल शंका नाही. पण इथली बाजू समजून घे. आकडा मंजूर झाला आहे. फलक छापले गेले आहेत. आता बदलायचा तर तो पुन्हा चाचणी विभागाकडे जाईल, तिथून समितीकडे, आणि समारंभ पुढे जाईल. असे आकडे उत्तम परिस्थितीतले असतात हे सगळ्यांना माहीत असतं, ताई. खाली बारीक अक्षरात "प्रत्यक्ष वापरानुसार फरक पडू शकतो" असं लिहिलेलं आहे, सोबत पाठवलेल्या समारंभाच्या पत्रकातही आहे. समारंभ झाल्यावर सुधारित आकडा काढण्याचा प्रस्ताव मी स्वतः ठेवीन.

लांबच्या तुकड्यातल्या मक्याची भरपाई कंपनीच्या चाचणी निधीतून होऊ शकते. मी बोलून ठेवलं आहे.

समारंभाला तू यायला हवंस. व्यासपीठावर तुला काही बोलावं लागणार नाही, फक्त उभं राहायचं.

दाजींवर रागावू नकोस. चूक माझी आहे.

धाकटा


२० मार्च

धाकट्या,

ड्रायव्हर दारात बसलाय, त्याला घाई आहे, मलाही आहे.

भरपाई नको. लांबच्या तुकड्याची कणसं सोलून बघितली. वर तीन दाणे, मधे मोकळं, खाली दोन. त्याचं आता काही होत नाही, गुरांना घालीन. ते माझं मी बघते. तू तुझं बघ.

ती बारीक अक्षरं कोण वाचणार? मी चष्मा लावून ते समारंभाचं पत्रक वाचलं तेव्हा मला ती सापडली नाहीत, शेवटी ह्यांनी दाखवली, आणि ह्यांना आधीपासून माहीत होतं ती कुठे असतात. समारंभाला येणारा माणूस भिंतीवरची मोठी अक्षरं वाचेल आणि माझं तोंड बघेल. म्हणेल, ही बाई खोटं बोलणाऱ्यातली दिसत नाही, हसतसुद्धा नाही. इंजिन घेईल. चार सिलिंडरऐवजी दोन मागवेल, कारण तू सांगितलंस निम्मा. गॅसची गाडी येते गुरुवारी. त्याचे दोन सिलिंडर सोमवारी संपतील. सोमवार ते गुरुवार तो काय करेल? मका तुऱ्यावर आलेला असेल, ऊन असेल, आणि इंजिन सुरेख पांढरं, अगदी शांत उभं असेल. त्याचं सगळं शेत आमचा लांबचा तुकडा होईल. त्याला तर झाकण बांधूनही कळणार नाही काय झालं, कारण त्याच्या घरात बटण बंद करणारा कोणी नसेल. तो स्वतःलाच दोष देईल. पाट लिंपत बसेल तुझं पत्रक बघून.

तुला कोणी हजार जणांच्या मक्याचं पाणी बंद करायला सांगितलं तर तू करशील? नाही करणार. तेवढा तू वाईट नाहीस, मी ओळखते तुला. पण ह्यांच्याचसारखं, कोणाच्या तरी लाजेसाठी, बटणावर हात ठेवून उकिडवा बसला आहेस. आणि ह्यांना निदान तापलंय का बघतोय एवढं तरी सुचलं. तुला समिती सुचली.

ह्यांच्यावर मी रागावलेली नाही, मागचं पत्र लिहायच्या आधीच बोलायला लागले. पहिलं वाक्य असं बोलले, खाटेवरून उठा आता. उठले. तू त्यांना सांगितलंस तर जपतात, मी सांगितलं तर उठतात, त्या माणसाचा दोष एवढाच. तू तर शिकलेला आहेस.

आणि मी तुला शिकवलं हे तू आठवून दिलंस म्हणून मीपण आठवून देते. मी शेण उचलून तुझी फी भरली नाही वगैरे रडगाणं गाणार नाही, फी बापाने भरली. मी फक्त तुझ्याकडून पाढे म्हणून घ्यायचे, खोरं धरून, सरीच्या या टोकाहून त्या टोकाला. चारातून एक गेला तर किती राहतात, हे तुला तेव्हाही येत होतं.

चारातला एक वाचतो ही लहान गोष्ट नाही रे. बायका हिशोब करतील, दर चौथा सिलिंडर फुकट. कोणाला निम्मा हवा होता? कोणी मागितला होता? एकाने मागितला नाही आणि दुसऱ्याने दिला नाही, तरी भिंतीवर चढला.

आता नीट वाच. २७ तारखेच्या गुरुवारी गाडी येईल. तिच्यात सिलिंडरसोबत तुझं पत्र पाहिजे. लांबलचक नको. भिंतीवरचा आकडा बदलला, का नाही बदलला, एवढंच. प्रस्ताव, समिती, परिस्थिती यातला एकही शब्द त्यात दिसला तर ते उत्तर नाही असं मी समजेन.

बदलला असेल तर मी येते, उभी राहते, फोटोग्राफरच्या त्या मुलीने लावली तर पावडरही लावून घेते.

नसेल, किंवा पत्रच आलं नाही, तरीही मी येते. शनिवारी सकाळी, ह्यांना घेऊन. व्यासपीठावर मला बोलायचं नाही म्हणालास, ठीक आहे, नाही बोलत. मी पिशवीत झाकण आणेन. लोक विचारतील, बाई, हे कशाला? मग त्यांना ह्यांच्याकडे पाठवीन. ह्यांना खोटं बोलता येत नाही, तापलंय का बघतोय याच्यापलीकडे.

गुरुवारी. गाडी दुपारी येते, मी सकाळपासून दारात असेन.

ताई